अर्ध्या दिवसाची मजल (हिंगोलीत लेकरांना न्यायला जागाच नाही म्हणणाऱ्यांसाठी)

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या लेकीला शाळेनं निबंध दिला होता, 'माझ्या गावची नदी'. सहावीला आहे. तिनं गोदावरीवर दीड पान लिहिलं. त्र्यंबकेश्वरापासून राजमहेंद्रीपर्यंत सगळं बरोबर. मी म्हणलं, अगं, गोदावरी नांदेडला. आपल्या गावची कोणती? तर म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं नदी कुठंय? पुलाखाली तो नाला आहे."

तो नाला म्हणजे कयाधू. प्रल्हादाच्या आईचं नाव असलेली नदी. वाशीमच्या बाजूनं येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असे तीन तालुके ओलांडते आणि पैनगंगेला मिळते. मी वीस वर्षं बातमीदारी करतोय. कयाधूच्या पुराच्या बातम्या लिहिल्या, वाळूच्या ट्रॅक्टरच्या लिहिल्या, पंचनाम्याच्या लिहिल्या. आणि घरातल्या लेकराला ती नदी आहे हेच माहीत नाही. यात पोरीची काही चूक नाही.

त्या दिवसापासून ठरवलं. दर रविवारी सकाळी निघायचं, दुपारच्या जेवणापर्यंत घरी यायचं. लेक, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान मुलगा, जमलं तर त्यांची आई, आणि शेजारची एकदोन लेकरं. सहा रविवार झाले. त्यातनं जे कळलं ते लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट. सुट्टी लागली की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं, "इथं काय आहे बघायला?" मग चिखलदरा, नाहीतर महाबळेश्वर, नाहीतर एखादं वॉटर पार्क. ज्याला परवडतं त्यानं जरूर जावं, मी पण गेलोय. पण जुनी माणसं अंतर किलोमीटरमध्ये मोजत नव्हती. कोस म्हणत, नाहीतर मजल म्हणत. फौजेची एका दिवसाची मजल दहा-बारा मैलांची, बैलगाडीची जवळपास तेवढीच. आपला जिल्हाच त्या मापानं बेतलेला आहे. आठवडी बाजाराची गावं बघा. सकाळी निघून, बाजार करून, दिवस मावळायच्या आत माणूस घरी पोचावा एवढ्याच अंतरावर ती आहेत. देवस्थानं तशीच. म्हणजे लेकराला घेऊन जाऊन येण्यासारखं अंतर हेच आपल्या पूर्वजांचं रोजचं जग होतं.

आणि लेकरांना बाहेर न्यायची रीतही होती, फक्त तिला सहल असं नाव नव्हतं. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवण. मारुतीला बोललेले रोडगे, शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, बरोबर वांग्याची भाजी. पौषात हुरडा, आगटीभोवती बसून. आषाढात नर्सीची परतवारी. आवळीभोजन आता कॅलेंडरवर उरलंय. ज्वारी मागं हटली, सोयाबीन आलं, आणि हुरड्याची 'पार्टी' झाली, तिकीट लावून. लेकराला आगटी कशी पेटवतात ते माहीत नाही, हुरड्याचा भाव मात्र माहीत आहे.

असो. पहिल्या रविवारी तर आम्ही गाव सोडलंच नाही.

हिंगोलीकरांनो, पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं आपण रोज घेतो. ऑटोवाल्याला सांगतो, लग्नपत्रिकेवर छापतो. मी स्वतः लहानपणी रिसाला म्हणजे कुणा माणसाचं नाव समजायचो. माझ्या पोराला वाटत होतं पेन्शनपुऱ्यात पेन्शनचं ऑफिस असेल. तसं बघितलं तर तो फार चुकला नाही.

निजामाच्या मुलखाची हद्द वऱ्हाडला लागून, म्हणून हिंगोलीत लष्कराची छावणी होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ही फौज हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली जायची. पायदळ राहायचं ती पलटन. घोडदळ तो रिसाला. तोफा होत्या तो तोफखाना. नोकरी संपलेले शिपाई वसले तो पेन्शनपुरा. छावणीचा बाजार तो सदर बाजार. माणसांचा दवाखाना होता, जनावरांचाही होता. फौजेचा खर्च निजामाला झेपेना, म्हणून १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा महसूल तिच्यासाठी इंग्रजांकडं लावून दिला गेला. म्हणजे आपल्या रिसाल्यातल्या घोड्यांची चंदी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून यायची. १९०३ च्या सुमारास ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. घोडे गेले, तोफा गेल्या. नावं तेवढी राहिली, सव्वाशे वर्षं झाली तरी.

पोरांना मी खेळ लावून दिला. प्रत्येक मोहल्ल्याचं नाव ऐकून तिथं कोण राहत असेल ते ओळखायचं. दोन तास, पायी, फुकट. मध्ये एका हॉटेलात गरम भजे.

सदर बाजारात आल्यावर त्यांना हरिसिंगाची गोष्ट सांगितली. ही मी कॉलेजात असताना वाचली होती आणि तेव्हापासून डोक्यात आहे. फिलिप मेडोज टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांवर कादंबरी लिहिली, १८३९ ची. तिच्या प्रस्तावनेत आपल्या हिंगोलीचं नाव आहे. हरिसिंग हा हिंगोलीतला प्रतिष्ठित व्यापारी. मुंबईहून कापड आणायचंय म्हणून त्यानं जिल्ह्याचा मुलकी कारभार बघणाऱ्या साहेबाकडून रीतसर परवाना काढला. कापड खरंच येत होतं, पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचं, हिंगोलीजवळच्याच एका गावच्या माणसाचं. हरिसिंगानं वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारलं, तोच माल स्वतःच्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड्यावर विकला. पकडला गेल्यावर त्यानं स्वतः कबुली दिली म्हणून कळलं, नाहीतर कुणाला पत्ता लागला नसता.

पोरगं गप्प. मग हळूच, "पप्पा, त्याचं दुकान कोणतं होतं?" त्या दिवसापासून ते सदर बाजारातून जाताना प्रत्येक कापड दुकानाकडं संशयानं बघतं. दुकानदार मंडळींनी राग मानू नये.

दुसऱ्या रविवारी नर्सी. एसटीनं निघालो, अलीकडंच उतरलो आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर चाललो. तूर फुलोऱ्यात होती, हरभरा नुकता वर आलेला, हळदीची पानं माझ्या पोरापेक्षा उंच. आठ वर्षांच्या लेकराला पाच किलोमीटर चालवता येतं का? येतं. पहिला एक किलोमीटर रडारड, नंतर तेच पुढं पळतं. पाणी सोबत ठेवा आणि 'अजून किती' या प्रश्नाला खरं उत्तर देऊ नका.

नामदेव महाराजांचा जन्म १२७० चा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. जन्मगाव नर्सी की पंढरपूर यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. आमच्या बाजूचा कौल तुम्हाला माहीत आहे. वडील दामाशेटी, आई गोणाई, शिंप्याचं घर. नैवेद्य खात नाही म्हणून विठ्ठलापुढं हट्ट धरून बसलेला लहानगा नामा लेकरांना लगेच आपला वाटतो, कारण जेवणावरून हट्ट हा त्यांचाही विषय. मला मात्र दरवेळी दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. कयाधूकाठचा हा माणूस पंजाबात पोचला. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं ते त्यामुळंच. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. आजही शीख भाविक नर्सीला येतात. सातशे वर्षांपूर्वी, मजल दरमजल करत. एसटी नाही, रेल्वे नाही. लेकीनं मोबाइलवर अंतर काढलं आणि म्हणाली, एवढं चालले? मी म्हणलं, तू आत्ता पाच किलोमीटर चाललीस ना, तसंच. फक्त रोज.

परतवारी ही आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. पंढरपूरची आषाढी झाली की येणाऱ्या वद्य एकादशीला लोक नर्सीला येतात, नामदेवांचं दर्शन घेतलं की वारी पुरी झाली असं मानतात. ज्यांना पंढरपूर जमत नाही ते निदान नर्सी गाठतात. आजूबाजूच्या गावांतून आया-बाया लेकरं काखेत घेऊन पहाटे निघतात. एका दिवसाचं, घरच्या भाकरीचं, सगळ्या कुटुंबाचं पायी फिरणं. शहरातली माणसं यासाठी पैसे भरून शिबिरं करतात म्हणे.

औंढ्याला आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा चुकीच्या दिवशी, सोमवारी सुट्टी होती म्हणून. गर्दीत दर्शन झालं, बघणं झालं नाही. दुसऱ्यांदा साध्या दिवशी, सकाळी सात वाजता. नागनाथाचं मंदिर पांडवांनी बांधलं अशी कथा आहे. दगडी काम यादवांच्या काळातलं, आपण हेमाडपंती म्हणतो ते. लेकरांना घेऊन गेलात तर आधी बाहेरून प्रदक्षिणा घाला, सावकाश. खाली काळा कोरीव दगड, वर निराळंच, गुळगुळीत बांधकाम. औरंगजेबाच्या काळात मंदिर फोडलं गेलं आणि पुढं अहिल्याबाई होळकरांनी वरचा भाग उभा केला, असं सांगतात. जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ती रेघ पोरांना शोधायला लावा. आमच्या पोराला दोन मिनिटांत सापडली. मला चाळीस वर्षांत दिसली नव्हती, कारण मी नेहमी रांगेत पुढच्याच्या पाठीकडं बघत आत गेलो.

भिंतीवर हत्ती आहेत, वादक आहेत, आणि एका ठिकाणी शंकर रुसलेल्या पार्वतीची समजूत काढतोय. आमच्या सौ. तिथं बराच वेळ थांबल्या. आत गाभारा जमिनीखाली, वाकून उतरावं लागतं, पोरांना ते फार आवडलं. समोर नंदी का नाही, असं लेकीनं विचारलं. नामदेवांना कीर्तन करताना मागं जायला सांगितलं, तेव्हा अख्खं देऊळच फिरलं, ही गोष्ट तुम्हाला पाठ असेल. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते आणि 'देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव' म्हणाले, तीही इथलीच मानतात. ही गोष्ट सांगितल्यावर पोरगं म्हणालं, "मग मी पण पुस्तकावर पाय ठेवला तर चालेल?" याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

औंढ्याजवळच दुधाळा. तिथं लायगोचा प्रकल्प होतोय. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं यंत्र, अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी पकडणारं. आत जाता येत नाही, पण रस्त्यावर उभं राहून लेकरांना सांगता येतं की देऊळ फिरलं त्या गावाच्या शेजारी शास्त्रज्ञ विश्वाची थरथर मोजणार आहेत.

सिद्धेश्वर धरणावरही गेलो. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरची जोडधरणं, १९६८ च्या सुमारास पुरी झाली. वसमतकडची हिरवळ, ऊस, हळद, त्या कालव्यांची. पाणी बघा, पक्षी बघा, काठापासून लांब राहा. पाण्यात उतरू नका. हे मी का सांगतोय ते पुढं येतंच आहे.

इतके दिवस टाळलेली कयाधू पाचव्या रविवारी.

मी कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यात शिकलो. पाचवीत असताना शाळेची सहल निघाली, वेरूळला. पैसे भरणारे गेले. आम्ही अकरा जण उरलो. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला, नाहीतर वीटभट्टीवर. सहलीच्या दिवशी अशी लेकरं शाळेतच येत नसतात, लाज वाटते. पण आमच्या गुरुजींनी आदल्या दिवशी निरोप धाडला की उद्या सगळ्यांनी भाकरी घेऊन या. आणि आम्हाला नदीवर नेलं. दिवसभर. वाळूत हातानं खड्डा करून झिरा काढायला त्यांनीच शिकवलं. हातभर खोल गेलं की तळातून पाणी निथळायला लागतं, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, थोडं थांबायचं, मग निवळ येतं. ओंजळीनं प्यायचं. वरच्या वाळूत पावसाचं पाणी साठून राहतं आणि वाळू ते गाळून देते, हे विज्ञान त्यांनी तिथं सांगितलं. दुपारी ठेचा-भाकरी, नंतर गुडघाभर पाण्यात पोहायचा पहिला धडा. वेरूळला गेलेल्यांनी काय बघितलं ते त्यांना आज आठवत नाही, मी विचारलंय.

तर पाचव्या रविवारी मी मोठ्या तोऱ्यात लेकरांना म्हणलं, चला, झिरा काढून दाखवतो. गावाच्या जवळ उतरलो. वाळूच नाही. खाली काळा चिकट गाळ, प्लास्टिक, वेडी बाभूळ. थोडं पुढं गेलो तर खड्डे, ट्रॅक्टर उतरवून केलेले, वरून संथ दिसणारं हिरवं पाणी आणि कडा सरळ खाली गेलेल्या. पोरगं पुढं पळत होतं. मी ओरडून थांबवलं, आयुष्यात कधी ओरडलो नसेन एवढ्या जोरात.

कारण त्या खड्ड्यांच्या बातम्या मीच लिहिल्यात. पाण्याचा अंदाज न आल्यानं अमुक वर्षांच्या मुलाचा बुडून मृत्यू. दोन ओळी, आतल्या पानावर. 'अंदाज न आल्याने' हे शब्द मी किती वेळा टाईप केले असतील. त्या लेकरांना अंदाज येणार कसा? नदीवर त्यांना कुणी कधी नेलंच नव्हतं. ती चोरून गेली होती. आमच्या गुरुजींनी आम्हाला आधी काठ दाखवला, मग तळ पायानं चाचपायला शिकवलं, मग पाण्यात सोडलं. आता आपण लेकरांना नदीपासून लांब ठेवतो, आणि तिकडं नदीचा तळ दर महिन्याला बदलतो.

सहाव्या रविवारी आणखी वर गेलो, एका वळणावर, जिथं ट्रॅक्टर उतरत नाही. कोपराइतका खड्डा केला. बराच वेळ काही नाही. मग कडेनं ओल धरली आणि पाणी आलं. ते प्यायला दिलं नाही, तेवढा विश्वास आता माझाही राहिला नाही. लेकीनं त्यात बोट बुडवलं आणि म्हणाली, "हे आधीपासून खाली होतं?" निबंध तिनं परत लिहिला. शाळेत तपासून झालेला होता, तरी लिहिला.

आता जरा कामाचं. पर्यटन म्हणलं की कोटींचे आराखडे निघतात. मी मागतोय ते फार थोडं आहे. रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा या प्रत्येक ठिकाणी चार ओळींची पाटी लावा. वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा महाग पडणार नाही, आणि जास्त दिवस टिकेल. बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह करा. आमच्या सौ. एका ठिकाणाहून परतल्यावर म्हणाल्या, पुन्हा मी येणार नाही. कोणतं ठिकाण ते सांगत नाही, कारण हा प्रश्न एकाच ठिकाणचा नाही. बाई येऊ शकत नसेल तर लेकरं कशी येतील? नदीतल्या खड्ड्यांजवळ निदान दगड रचा, लाल फडकं बांधा. आणि शाळांना विनंती: एसटी सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते, तुम्ही रायगडला जरूर न्या. पण वर्षातून एक सहल अशी काढा, जिला पैसेच लागत नाहीत. पैसे न भरणारी अकरा लेकरं प्रत्येक शाळेत आहेत.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा पलटन-रिसाला करतोय, कारण शेजारच्या बिल्डिंगमधल्या लेकरांनी हरिसिंगाची गोष्ट ऐकलीय आणि त्यांना दुकान शोधायचंय. सकाळी साडेसहाला रामलीला मैदानावर जमायचं, नऊपर्यंत मोकळे. ज्यांना यायचंय त्यांनी या. पायात बूट, पाण्याची बाटली, डोक्याला टोपी. मोबाइल मोठ्यांकडं एकच, फोटोपुरता. भज्यांचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे. आणि घरात कुणी आजोबा-पणजोबा पलटनीत होते असं सांगणारं माणूस असेल तर त्यांनाही घेऊन या, त्यांच्यासाठी खुर्ची मी आणतो.